रडारचं चित्र शिळं असतं: नागपूरहून छोटं विमान उडवणाऱ्यांसाठी

मे महिन्यातली दुपार, चंद्रपूरजवळची मोरवा धावपट्टी. मी आणि माझा विद्यार्थी सेसना १७२ घेऊन नागपूरला परतायच्या तयारीत होतो. साडेतीनला पोराने फोनवर रडारचं चित्र उघडलं. बुटीबोरीच्या पश्चिमेला एक लाल डाग, उमरेडच्या पूर्वेला दुसरा, आणि मधे चांगली ऐसपैस खिंड. "सर, रस्ताच आखून दिलाय बघा," तो म्हणाला. मीही मान डोलावली. चित्राच्या कोपऱ्यात वेळ होती ०९४७ झुलू, म्हणजे विमानवाल्यांची ग्रिनिचची वेळ. म्हणजे आपले ३ वाजून १७ मिनिटं. ती मी वाचली, पण मनात घेतली नाही.

३.४० ला उडालो. समुद्रपूरच्या आसपास आलो तेव्हा ४ वाजून ३ मिनिटं झाली होती आणि समोर खिंड नव्हती. जमिनीपासून वरपर्यंत राखाडी भिंत, आणि भिंतीच्या पायथ्याशी पिवळट धुळीचा पट्टा आमच्याच दिशेने लोळत येत होता. फोनवर मात्र खिंड अजून तशीच उघडी. नेटवर्क गेलेलं, त्यामुळे चित्र तेच राहिलेलं. त्याचं वय तोवर ४६ मिनिटं झालं होतं. वळलो, मोरव्याला परत उतरलो, विमान बांधलं आणि संध्याकाळ टपरीवर चहा पीत काढली.

त्यानंतर मी विद्यार्थ्यांसाठी जी पद्धत बसवली ती इथे मांडतो. तिचा गाभा एवढाच की रडारच्या चित्रावरून "आज जायचं का" आणि "कोणत्या बाजूने लांबून वळसा घ्यायचा" हे ठरवता येतं. "या दोन ढगांच्या मधून निघू" हे त्यावरून ठरवता येत नाही. का, ते खाली सविस्तर येईलच.

आधी विचारा, हे चित्र कुणाचं?

"रडार बघितलं" असं पोरं म्हणतात तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो, "कोणतं?" कारण या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

पहिली, हवामान खात्याचं जमिनीवरचं डॉप्लर रडार. देशातलं पहिलं डॉप्लर हवामान रडार चेन्नईला २००२ साली बसलं, पुढे जाळं वाढत गेलं, आणि आपल्या नागपुरातही एक आहे. खात्याच्या संकेतस्थळावर त्याची चित्रं सगळ्यांना खुली असतात. दुसरी, अनेक रडार जोडून केलेलं देशभराचं मोझेक. तिसरी, खासगी अ‍ॅप. यांतली काही अ‍ॅप उपग्रहावरून किंवा संगणकाच्या मॉडेलवरून काढलेला अंदाज रडारसारख्या रंगांत रंगवून दाखवतात, आणि "पुढचे दोन तास" असं सरकतं चित्र दाखवतात तेव्हा तर तो निव्वळ अंदाज असतो. चौथी, विमानाच्या नाकात बसवलेलं रडार. ते आपल्या सेसनांत नसतं, किंग एअरसारख्या विमानांत असतं. त्याच्याकडे शेवटी येऊ.

अमेरिकेत ट्रेनिंग करून आलेली मुलं आणखी एक पाचवी गोष्ट डोक्यात घेऊन येतात. तिकडे एफआयएस-बी नावाच्या सेवेतून जमिनीवरच्या नेक्सरॅड रडारांचं चित्र रेडिओने थेट कॉकपिटमधल्या पडद्यावर फुकट येतं. आसपासच्या भागाचं चित्र दर ५ मिनिटांनी नवं होतं, अख्ख्या देशाचं दर १५ मिनिटांनी. भारतात तशी सेवा नाही. इथे वैमानिकाच्या हातात असतो तो फोन किंवा टॅब्लेट, आणि मोबाईलचा टॉवर जमिनीवरच्या माणसांसाठी असतो. पाच हजार फुटांवर कधी एक काडी येते, कधी काहीच नाही. शिवाय उड्डाणात फोन वापरण्याबद्दलचे नियम आणि तुमच्या संस्थेची पुस्तिका काय म्हणते ते वेगळं पाहायचं. मी मुलांना सरळ सांगतो, भारतात रडारचं चित्र ही उडण्याआधी बघायची वस्तू आहे. चाक सुटल्यानंतर ते चित्र कालच्या भाकरीसारखं. उपयोग आहे, पण ताजं समजून खायचं नाही.

वेळ: सगळी गडबड इथेच होते

ही पायरी मी सगळ्यात जास्त वेळ शिकवतो.

जमिनीवरचं रडार एका क्षणात फोटो काढत नाही. अँटेना एका कोनात गोल फिरते, मग थोडी वर उचलून पुन्हा गोल, मग आणखी वर. असे सगळे कोन पूर्ण झाले की एक स्कॅन झाला. अमेरिकेच्या नेक्सरॅडला पावसाळी हवेत याला साधारण ४ ते ६ मिनिटं लागतात. आपल्याकडची चित्रं साधारण १० मिनिटांच्या अंतराने येतात. म्हणजे एकाच चित्रातला खालचा भाग आणि वरचा भाग यांत काही मिनिटांचं अंतर आधीच आहे. मग संगणकाने त्याचं चित्र बनवायचं, सर्व्हरवर चढवायचं, मोझेक असेल तर बाकीच्या रडारांची वाट बघायची, आणि शेवटी ते तुमच्या फोनवर उतरायचं. कोपऱ्यातली वेळ स्कॅन सुरू झाल्याची, संपल्याची की चित्र जोडल्याची, हे सेवेगणिक बदलतं.

ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून २०१२ मध्ये वैमानिकांना खास इशारा दिला होता की कॉकपिटमध्ये दिसणाऱ्या नेक्सरॅड मोझेकचं खरं वय पडद्यावर लिहिलेल्या वयापेक्षा टोकाच्या प्रसंगी १५ ते २० मिनिटांनी जास्त असू शकतं. पडद्यावर "१ मिनिट" दिसतं ते मोझेक जोडल्यापासूनचं वय असतं, पाऊस टिपल्यापासूनचं नव्हे. त्या इशाऱ्यामागे दोन अपघात होते. मार्च २०१० मध्ये टेनेसीत ब्राउन्सव्हिलजवळ वैद्यकीय सेवेचं हेलिकॉप्टर तळावर परतताना वादळात सापडलं, तिघे गेले. डिसेंबर २०११ मध्ये टेक्ससमध्ये ब्रायनजवळ एक छोटं पायपर पडलं, पाच जण गेले. दोन्ही विमानांत रडारचं चित्र येत होतं.

आता हेच नागपूरवर बसवून बघा. मी वर्गात फळ्यावर हाच हिशोब करायला लावतो.

०८१२ झुलूच्या चित्रात वादळाची पुढची कड वरुड आणि काटोलच्या मधे आहे, रडारपासून ६० किलोमीटर. ०८३२ च्या चित्रात ती काटोल ओलांडून कळमेश्वरकडे निघाली आहे, ४४ किलोमीटरवर. वीस मिनिटांत १६ किलोमीटर, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर, साधारण २६ नॉट. उरलेले ४४ किलोमीटर कापायला ५५ मिनिटं. म्हणजे ०९२७ झुलू, आपले २ वाजून ५७ मिनिटं. इथपर्यंत बहुतेक जण बरोबर येतात आणि म्हणतात, "सर, तीनपर्यंत वेळ आहे, एक तासाचं सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या सरावाच्या फेऱ्या, होऊन जाईल."

नाही होणार. पावसाच्या पुढे वारा धावतो. ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटून पुढे पसरते, तिची कड पावसाच्या १५-२० किलोमीटर पुढे सहज असते. वीस किलोमीटर धरले तर ती २५ मिनिटं आधी पोचणार. म्हणजे २.३२ लाच नागपूरच्या धावपट्टी १४-३२ वर वारा फिरलेला, धूळ उडालेली. आणि तुम्ही ०८३२ चं हे चित्र बघताय कधी? ते फोनवर उतरलं, तुम्ही उघडलं, इन्स्ट्रक्टरला दाखवलं, तोवर २.१० झाले. तीनपर्यंतचा वेळ हातात बावीस मिनिटांवर आला. त्यात टॅक्सी आणि रन-अप, म्हणजे उडण्याआधीची इंजिनाची तपासणी, हेच दहा मिनिटं खातात.

हा हिशोबही वादळ सरळ रेषेत, त्याच वेगाने येईल असं धरूनच आहे. विदर्भातल्या उन्हाळी वादळांना ती शिस्त नसते. एक ढग मरता मरता त्याच्याच थंड वाऱ्याने पुढे दुसरा उभा करतो, आणि तो दुसरा मागच्या चित्रात कुठेच नसतो. म्हणून दोन चित्रांवरून वेग काढायचा तो "किती लवकर येऊ शकतं" हे कळण्यासाठी, "किती उशिरा येईल" यासाठी नाही.

आणखी एक साधी फसगत. ब्राउझर जुनंच चित्र साठवून ठेवतो आणि तुम्ही कितीही वेळा खाली ओढून ताजं केलं तरी तेच दाखवतो. एकदा एका मुलाने तीन वेळा "रिफ्रेश" करून मला समाधानाने सांगितलं की ढग जागचा हललेला नाही. हलला नव्हताच, तिन्ही वेळा चित्रावर ०७१२ लिहिलेलं होतं. रडार देखभालीसाठी बंद असलं तरी शेवटचं चित्र पानावर पडून राहू शकतं. म्हणून चित्र उघडलं की डोळा आधी वेळेवर, मग रंगांवर. मी नीबोर्डवर, म्हणजे मांडीवर बांधलेल्या पाटीवर, दोन ओळी लिहून घेतो: चित्राची वेळ, आणि मी तिथे पोचेन ती वेळ. दोन्हींतला फरक अर्ध्या तासापेक्षा जास्त आला तर त्या चित्रातली खिंड माझ्यासाठी अस्तित्वात नाही.

उंची: किरण वर जातो, पृथ्वी खाली वाकते

रडारचा किरण सरळ जात नाही, थोडा वाकतो, पण पृथ्वी त्याहून जास्त वाकते. सगळ्यात खालचा कोन अर्धा अंश धरला तर किरणाचा मध्य किती उंचीवर असतो हे एकदा आकड्यांत बघा. ५० किलोमीटरवर जवळपास १,९०० फूट. १०० वर ४,८०० फूट. १५० वर ८,६०० फूट. २०० वर १३,४०० फूट. २५० किलोमीटरवर, म्हणजे जबलपूर विमानतळाच्या अंतरावर, तो १९,००० फुटांच्या वर गेलेला असतो. किरणही सुईसारखा नसतो. एक अंश रुंदीचा किरण १०० किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर जाड होतो.

याचा अर्थ नागपूरच्या रडारच्या चित्रात जबलपूरकडचा भाग स्वच्छ दिसला तर तिथे १२,००० फुटांपर्यंतचे ढग आणि पाऊस असूनही ते दिसणार नाहीत. आणि तुम्ही उडणार ५,५०० वर, छिंदवाड्याच्या पठारावरून. पावसाळ्यात सातपुड्याच्या अंगाला लागलेले बुटके ढग याच सापळ्यातले. चित्राच्या कडेला लागून असलेल्या भागासाठी तिकडच्या शेजारच्या रडारचं चित्र बघायचं.

उलटा प्रकार अगदी जवळ होतो. रडार नागपुरातच आहे, आणि अँटेना वीस-एकवीस अंशांच्या वर उचलत नाही. त्यामुळे रडारच्या डोक्यावर एक उलटा शंकू कोरा राहतो. २०,००० फुटांच्या उंचीवर या शंकूची त्रिज्या साधारण १५ किलोमीटर भरते. शहरावरच उभा राहिलेला ढग किती उंच गेलाय, हे शहरातलं रडार नीट सांगू शकत नाही.

आता कोणतं चित्र उघडायचं? खात्याच्या पानावर "मॅक्स-झेड" नावाचं चित्र असतं, ते बहुतेक जण बघतात. त्यात प्रत्येक जागी खालपासून वरपर्यंतचा सगळ्यात तीव्र प्रतिध्वनी एकाच रंगात येतो. त्यामुळे २०,००० फुटांवर गोळा झालेला, अजून जमिनीवर न पडलेला पाऊसही लाल दिसतो. काही वैमानिक म्हणतात, "खाली काहीच नव्हतं, रडार उगाच घाबरवतं." मला हे घाबरवणं आवडतं. तो वर साठलेला माल खाली यायचाच आहे. या चित्राच्या वरच्या आणि उजव्या कडेला दोन अरुंद पट्टे असतात, त्यांच्याकडे मात्र कुणी बघत नाही. ते ढगाचे बाजूने घेतलेले छेद आहेत. वादळाचा रंग किती उंच चढलाय ते तिथे कळतं. दोन लागोपाठच्या चित्रांत तो पट्टा वर चढत असेल तर ढग वाढतोय, खाली सरकत असेल तर तो आपला भार टाकायला लागलाय. माझ्या मते सपाट नकाशापेक्षा हे दोन पट्टे जास्त बोलतात.

रंग

यावर थोडक्यात. रडार पावसाचं पाणी मोजत नाही, थेंबांवरून परत आलेली ऊर्जा मोजतं, आणि ती थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर ठरते. थेंब दुप्पट जाड झाला की प्रतिध्वनी ६४ पट. त्यामुळे मोजके टपोरे थेंब भरपूर बारीक पावसापेक्षा भडक दिसू शकतात. ओली गार फार तीव्र दिसते, कोरडी गार त्या मानाने फिकी. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागा झोडपणारी गारपीट आपल्या विमानाच्या पंख्यालाही सोडत नाही, पण चित्रात पिवळं आहे म्हणून गार नाही असं नसतं. आणि प्रत्येक अ‍ॅपची रंगपट्टी वेगळी. एकाचा नारिंगी दुसऱ्याचा हिरवा. रंगाचं नाव घेऊ नका, बाजूच्या पट्टीवरचा डीबीझेडचा, म्हणजे प्रतिध्वनीच्या तीव्रतेचा, आकडा वाचा. ४० च्या वर गेलं की माझ्यासाठी ती जागा बंद.

हिवाळ्याच्या सकाळी याच्या उलट गंमत होते. जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो, किरण खाली वाकून जमिनीवर आपटतो, आणि निरभ्र आकाशात चित्रावर डाग उमटतात. मेटार, म्हणजे विमानतळाचा ताज्या हवामानाचा अहवाल, स्वच्छ असेल तर घाबरायचं कारण नाही.

रडारला न दिसणारा उन्हाळा

नागपूरकरांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि पाठ्यपुस्तकं बहुधा दमट प्रदेशात लिहिलेली असल्यामुळे तो दोन ओळींत उरकतात.

रडारला थेंब दिसतात. ढग, धुकं, धूळ आणि हवेतली खळबळ त्याला जवळपास दिसत नाही. मे महिन्यात नागपूरचं तापमान ४२ आणि दवबिंदू १४ असेल तर फरक २८ अंशांचा. प्रत्येक अंशाला १२५ मीटर धरले तर ढगाचा तळ ३,५०० मीटरवर, म्हणजे सुमारे ११,५०० फुटांवर. ढगातून निघालेला पाऊस एवढी कोरडी, तापलेली हवा ओलांडत खाली येतो आणि वाटेतच सुकतो. तुम्हाला ढगाखाली लोंबणाऱ्या राखाडी झालरी दिसतात, जमिनीवर थेंब नाही. पण पाणी सुकताना हवेतली उष्णता ओढून घेतं. हवा गार आणि जड होऊन दगडासारखी खाली येते. हाच मायक्रोबर्स्ट. रडारवर त्या जागी फिका निळा किंवा हिरवा, कधी काहीच नाही.

त्याचे आकडे लक्षात ठेवा. विस्तार ४ किलोमीटरच्या आत. जमिनीवर आपटल्यापासून साधारण १५ मिनिटांत खेळ खल्लास. खाली येणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला ६,००० फुटांपर्यंत जाऊ शकतो. सेसना १५२ समुद्रसपाटीला, आदर्श हवेत मिनिटाला ७१५ फूट चढतं. आणि नागपूर आदर्श नाही. आपला विमानतळ १,०३३ फुटांवर, पण ४३ अंशांच्या दुपारी विमानाला तो जवळपास पाच हजार फुटांवर असल्यासारखा वाटतो. दहा मिनिटांनी एकदा येणारं चित्र पंधरा मिनिटं जगणाऱ्या गोष्टीला पकडणार तरी कसं? दोन चित्रांच्या मधे तो जन्मतो आणि पुढचं चित्र येईपर्यंत अर्धा संपलेला असतो.

इथे डोळ्यांनीच काम करायचं. ढगाखाली झालर दिसली, जमिनीवर एका जागी धूळ गोल पसरताना दिसली, विमानतळावरची वाऱ्याची कापडी पिशवी एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला भलतीच दिशा दाखवायला लागली, की रडारवर काहीही असो, टेक-ऑफ नाही आणि लँडिंगही नाही. पंधरा-वीस मिनिटं लांब थांबायचं.

विजेचा एक उपयोग होतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने केलेलं "दामिनी" अ‍ॅप तुमच्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. रडारवर फिका दिसणारा ढग विजा टाकत असेल तर तो फिका नाही.

विमानातल्या रडारवाल्यांसाठी

पुढे किंग एअर किंवा तसं काही उडवायला मिळालं की मुलांना वाटतं आता सुटलो, आता चित्र ताजं. चित्र ताजं असतं हे खरं. पण त्याचे दोष वेगळेच.

नागपूरसारखं जमिनीवरचं रडार दहा सेंटिमीटरच्या लहरी वापरतं, विमानातलं सुमारे तीन सेंटिमीटरच्या. या छोट्या लहरी जोरदार पावसातून जाताना खर्ची पडतात. जवळच्या दाट पावसाच्या मागे काय आहे ते दिसतच नाही, आणि पडद्यावर तिथे काळी, मोकळी जागा येते. वैमानिक तिला वाट समजतो. ४ एप्रिल १९७७ ला सदर्न एअरवेजचं डीसी-९ प्रवासी विमान अमेरिकेतल्या जॉर्जियात असंच वादळाच्या आत गेलं. पाणी आणि गारांनी दोन्ही इंजिनं बंद पडली, न्यू होप गावात रस्त्यावर उतरवण्याच्या प्रयत्नात विमानातले ६३ आणि जमिनीवरचे ९ जण गेले. लाल रंगाच्या मागे कोरी काळी जागा दिसली तर ती सगळ्यात वाईट समजायची. ओळखायची युक्ती: अँटेना खाली कलवा. त्या डागाच्या मागे जमिनीचा प्रतिध्वनी येत नसेल तर किरण पलीकडे पोचतच नाहीये.

दुसरं, अँटेना लहान म्हणजे किरण रुंद. दहा इंची अँटेनाचा किरण दहा अंशांच्या आसपास असतो. ५० नॉटिकल मैलांवर तो ५०,००० फूट पसरतो. एवढ्या फुगलेल्या किरणात दोन स्वतंत्र ढग एक दिसतात, आणि टिल्ट, म्हणजे अँटेनाचा वर-खाली कोन, चुकला तर जमीन वादळासारखी किंवा वादळ जमिनीसारखं दिसतं. कोन बदलत राहा. टिल्ट एकदा लावून विसरणारे वैमानिक मी पाहिले आहेत.

उड्डाणाच्या दिवशी

सकाळी निघायच्या आधी आदल्या रात्रीपासूनचा टाफ (विमानतळाचा हवामान अंदाज) आणि सिगमेट (धोकादायक हवेचा इशारा). मग उपग्रहाचं चित्र, कारण रडारच्या टप्प्याबाहेर काय शिजतंय ते तिथे दिसतं. त्यानंतर रडार, आणि एक नाही, लागोपाठची निदान तीन चित्रं. एका चित्रात दिशा नसते. नागपूरचा मेटार दर अर्ध्या तासाने येतो, त्यात सीबीचा, म्हणजे वादळी ढगाचा, उल्लेख आणि शेवटचा ट्रेंड, म्हणजे पुढच्या थोड्या वेळाचा अंदाज, बघायचा. मग विमानतळाच्या हवामान कार्यालयात फोन करायचा किंवा जायचं. तिथला माणूस तेच रडार बघत असतो, पण त्याने ते वर्षानुवर्षं बघितलेलं असतं. मुलं हे टाळतात, फोनवर सगळं आहे म्हणतात. मला तरी पाच मिनिटांच्या त्या बोलण्यात जे मिळतं ते कुठल्या पडद्यावर मिळालेलं नाही.

चित्र बघताना मुक्कामाच्या आधी घर बघा. गोंदियाला निघालेला माणूस पूर्वेकडे बघतो, तिथला बिरसी विमानतळ स्वच्छ दिसला की खूश होतो. बिरसी ७४ नॉटिकल मैल, १०० नॉटने ४५ मिनिटं. जाऊन, तासभर थांबून, परत यायला अडीच तास. तोवर काटोलकडचं वादळ नागपूर ओलांडून बुटीबोरीला पोचलेलं असतं. उन्हाळ्यात वादळं बहुतेकदा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतात आणि दुपार उलटल्यावर फुगतात. म्हणून एप्रिल ते जून मी क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या गावापर्यंतची उड्डाणं, सकाळीच संपवतो.

अंतराचा नियम सोपा आहे. जोरदार प्रतिध्वनी दाखवणाऱ्या वादळापासून २० नॉटिकल मैल लांब. दोन वादळांच्या मधून जायचं तर मधे ४० मैल मोकळे हवेत. माझ्या त्या मोरव्याच्या दिवशी बुटीबोरी ते उमरेड ही अख्खी खिंड २० मैलांची होती. चित्र अगदी ताजं असतं तरी ती खिंड नव्हतीच.

हवेत असताना कान उघडे ठेवा. उतरायला येणारी एअरलाइन्सची विमानं "हवामानामुळे दहा मैल डावीकडे" असं मागताना ऐकू आली तर त्यांच्या नाकात रडार आहे आणि ते ताजं आहे. फुकटची माहिती आहे, नकाशावर टिंब करून ठेवा. शंका आली तर टॉवरला सरळ विचारा की मैदानावर वारा काय आहे, गेल्या दहा मिनिटांत बदलला का. विचारल्याने कुणी लहान होत नाही.

वळायचा निर्णय जमिनीवरच लिहून ठेवा: अमुक ठिकाणी पोचल्यावर क्षितिजावरची धावपट्टीकडची बाजू दिसत नसेल तर परत. ठिकाणाचं नाव लिहा, वर्धा नदी, उमरेडचं खाणक्षेत्र, काहीही, पण डोळ्याला दिसणारं. "बघू पुढे" असं लिहू नका. परतीसाठी तासाभराचं इंधन जास्त ठेवा, कारण वादळ मैदानावर आलं तर ते जाईपर्यंत लांब घिरट्या घालाव्या लागतात.

आणि उतरलात तरी काम संपत नाही. वादळ पंचवीस मिनिटांवर असेल तर आधी विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं करा, कंट्रोल लॉक लावा, चाकांना दोन्हीकडून चोक, मग तिन्ही दोर. दोर ताणून बांधू नका, थोडी ढील ठेवा, नाहीतर ओला झालेला दोर आवळून पंखावर ताण देतो. पिटोवर, म्हणजे हवेतला वेग मोजणाऱ्या नळीवर, कव्हर. मग आत जाऊन फोन काढा आणि नवं चित्र बघा, त्यातली वेळ वाचून.